चाळीस मिनिटं

कूलर बंद केला, त्याची घरघर माइकमध्ये जाते म्हणून.
बाहेर सेहेचाळीस. भुसावळचा मे.
अण्णांनी बेलची तार काढून ठेवलीय
आणि स्वतः ओट्यावर बसलेत, ओला पंचा डोक्यावर,
भंगारवाल्याला लांबूनच हात दाखवत.

स्क्रीनवर एक माणूस, त्याच्या मागे पुस्तकांचं खोटं कपाट.
'मिस झोप,' तो म्हणाला, 'बरोबर म्हणतोय ना मी?'
झोपे, असं म्हणायला हवं होतं.
म्हटलं, चालेल.
चार रात्री जी आली नाही तिच्याच नावानं
मी पुढचा तासभर ओ देत राहिले.

कंपनी पाचवी, फेरी चौथी.
पहिलीत कोड लिहून घेतात, दुसरीत घड्याळ लावून कोड,
तिसरीत ग्रेडियंट हातानं काढायला लावतात,
पाढ्यासारखा, चुकलं की परत पहिल्यापासून.
चौथीत माणूस हसून बोलतो.
मला तिचीच धास्ती जास्त.

त्यानं विचारलं: समजा, तुमचं मॉडेल बिघाड ओळखतं.
ते दोन तऱ्हांनी चुकेल.
धडक्याला बिघडलेलं म्हणेल,
नाहीतर बिघडलेल्याला धडकं.
तुम्ही कोणती चूक पत्कराल?

उत्तर पाठ होतं. प्रिसिजन, रिकॉल, दोघांमधला वक्र,
उंबरठा कुठे ठेवायचा ते धंदा ठरवतो, वगैरे.
पण हनुवटीवरचा घाम कीबोर्डवर टपकला
आणि मला हातोडी दिसली.

लांब दांड्याची. यार्डातली.
रात्रपाळीला अण्णा मालगाडीच्या कडेनं चालत जायचे,
एका हातात बत्ती, चाकामागून चाक,
टण्, टण्, टण्,
आणि मध्येच एखादं
ठप्प.
ते वाकायचे. परत मारायचे.
अठ्ठावन्न डबे आणि एक कान,
कारण डावा लहानपणीच गेलेला.

एकदा त्यांनी कोळशाची गाडी धरून ठेवली चाळीस मिनिटं.
आवाज पटला नाही म्हणून.
डबा कापून सायडिंगला लावला, चाक वर्कशॉपला गेलं,
चीर निघाली नाही.
मेमो आला: गाडी विनाकारण अडवली.
वेतनवाढ सहा महिने पुढे गेली
आणि तिच्याबरोबर माझी सायकल.
त्यानंतरही दोनदा थांबवली त्यांनी गाडी.

हे मी त्या माणसाला सांगितलं.
इंग्रजीत 'ठप्प' सापडेना,
म्हणून टेबलावर बोटानं वाजवून दाखवलं.
टेबल पातळ प्लायचं,
चांगलं चाक आणि वाईट चाक
दोन्ही सारखीच वाजली.

'इंटरेस्टिंग,' तो म्हणाला, काहीतरी टिपलं त्यानं.
'पण हे मोजाल कसं?'

मी थांबले. वरचा पंखा ऐकू येईल एवढी थांबले.
मग पाठ होतं ते म्हटलं.

उत्तर रात्री सुचलं, भांडी विसळताना:
अडवलेल्या तीन गाड्यांची नोंद आहे, सहीशिक्क्यानिशी.
जाऊ दिलेल्या हजारोंची कुठेच नाही.
त्या नुसत्या पोचल्या.

'काय इचारलं तुले त्यानं?' अण्णांनी जेवताना विचारलं.
'गणितं,' मी म्हटलं.

अकराव्या दिवशी मेल आली. तीन ओळी,
त्यातली एक शुभेच्छांची.
अण्णांनी चष्मा लावून फोन लांब धरला, दोनदा वर-खाली केला.
'कारन कुठी हाये?'
'देत नाहीत.'
ते बराच वेळ फोनकडे बघत बसले.
'मेमोत कारन तरी लिव्हेल राहे.'

मग उठून कूलर लावला,
उजवा कान पत्र्याजवळ नेला, बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं.
'पंप जाईन याचा. आठ दिवसात.'
मी पण कान लावला.
मला पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

गुरुवारी नवी कंपनी, पहिली फेरी.
आज बारा दिवस झाले,
पंप चालू आहे.
अण्णा येता-जाता त्याच्याकडे संशयानं बघतात.